भिंतींना कान : रुग्णालयाच्या वास्तूचा बदलता इतिहास

भिंतींना कान असतात ही म्हण आपण गुप्ततेच्या संदर्भात वापरतो. गेल्या काही वर्षांत मात्र रुग्णालयांच्या बाबतीत ती शब्दशः खरी होऊ लागली आहे. नव्या रुग्णालयाच्या भिंतीत, छतात, नळीत आणि खाटेतही संवेदक, म्हणजे ज्याला आता सर्वच जण सेन्सर म्हणतात ते, बसविलेले असतात. खोलीतील उष्णता, हवेचा दाब, प्राणवायूची पातळी, रुग्णाच्या नाडीचे ठोके यांची ते अहोरात्र नोंद घेतात आणि कोठे काही बिघडले तर माणसाच्या आधी इशारा देतात. अशा व्यवस्थेला 'स्मार्ट' असे विशेषण लागले आहे. सिल्वासा शहराची निवड जानेवारी २०१८ मध्ये केंद्र शासनाच्या स्मार्ट सिटी योजनेत झाली आणि पुढे मार्च २०२५ मध्ये येथे मोठे नवे रुग्णालय सुरू झाले. त्यामुळे हा विषय आता दिल्ली-मुंबईच्या वृत्तपत्रांपुरता राहिलेला नाही, सामरवरणीपासून दुधनीपर्यंतच्या प्रत्येक घराशी त्याचा संबंध आला आहे. म्हणून या विषयाकडे केवळ नवलाईच्या दृष्टीने न पाहता इतिहासाच्या दृष्टीने पाहावे, असा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

रुग्णालय म्हणजे डॉक्टर, औषधे व खाटा अशी आपली सर्वसाधारण कल्पना असते. इमारत हेही उपचाराचे एक साधन आहे, ही जाणीव तुलनेने अलीकडची आहे. ती जगाला प्रकर्षाने करून दिली फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी. क्रिमियाच्या युद्धात जखमांपेक्षा रुग्णालयाच्या कोंदट, अस्वच्छ इमारतीत अधिक सैनिक दगावतात हे त्यांनी पाहिले व आकडेवारीने सिद्ध केले. १८५९ साली त्यांनी रुग्णालयांविषयीचे आपले प्रसिद्ध पुस्तक लिहिले. दोन्ही बाजूंना समोरासमोर उंच खिडक्या, खाटांमध्ये ठरावीक अंतर, एका टोकाला बसलेल्या परिचारिकेला संपूर्ण कक्ष दिसेल अशी रचना, हा आराखडा पुढे जगभर पसरला. आजच्या भाषेत सांगायचे तर त्या काळातील 'सेन्सर' म्हणजे परिचारिकेचे डोळे आणि 'यंत्रणा' म्हणजे खिडकी. वास्तुरचना अशी करायची की डोळ्यांना दिसावे आणि हवा खेळावी.

आपल्या मराठी मुलुखात ही परंपरा त्याच सुमारास रुजली. मुंबईचे जमशेटजी जीजीभाई रुग्णालय व त्याला जोडलेले ग्रँट वैद्यकीय महाविद्यालय १८४५ साली सुरू झाले. पुण्याचे ससून रुग्णालय १८६७ साली उभे राहिले. मिरजेला वानलेस यांचे मिशन रुग्णालय १८९४ चे. परळचे के. ई. एम. रुग्णालय १९२६ साली सुरू झाले आणि तेथे भारतीय डॉक्टरांनीच काम पाहावे ही देणगीदारांची अट होती, हे आवर्जून लक्षात ठेवण्यासारखे आहे. उंच छते, लांब व्हरांडे, जाड भिंती ही या सर्व वास्तूंची सामाईक खूण. विजेच्या पंख्याचा प्रसार होण्यापूर्वी उष्ण कटिबंधात रुग्णाला श्वास घेता यावा म्हणून केलेली ती व्यवस्था होती.

आपल्या प्रदेशाची वाट मात्र वेगळी पडली. १७७९ च्या तहान्वये पेशव्यांनी नगर हवेलीतील ७२ गावांच्या महसुलाचा हक्क पोर्तुगीजांना दिला, १७८३ मध्ये नगर हवेलीचा आणि १७८५ मध्ये दादराचा ताबा त्यांच्याकडे गेला. १८८५ साली कारभाराचे मुख्य ठाणे सिल्वासास आले. त्या राजवटीत वैद्यकशिक्षणाचे केंद्र पणजी हे होते. तेथील वैद्यक-शल्यविद्यालय १८४२ साली स्थापन झालेले, म्हणजे मुंबईच्या ग्रँट महाविद्यालयाहूनही तीन वर्षांनी जुने. परंतु पणजी आणि नगर हवेलीच्या वारली-कोकणा पाड्यांमध्ये जे अंतर होते ते केवळ मैलांचे नव्हते. डोंगरातला माणूस आजारी पडला की भगत, झाडपाला आणि दैव यांवरच त्याची भिस्त असे. मलेरियाचा मुलूख म्हणून बाहेरचा नोकरदार येथे यायला नाखूश असे, ही गोष्ट आपल्यातील जुन्या कुटुंबांनी वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकलेली आहे.

२२ जुलै १९५४ रोजी दादरा आणि २ ऑगस्ट १९५४ रोजी सिल्वासा मुक्त झाले. त्या लढ्यातील मराठी स्वयंसेवकांची, राजा वाकणकर, सुधीर फडके, विश्वनाथ नरवणे आदींची, हकिकत या पत्रिकेच्या वाचकांना नव्याने सांगण्याची गरज नाही. पुढील सात वर्षे वरिष्ठ पंचायतीने कारभार पाहिला आणि ११ ऑगस्ट १९६१ रोजी हा प्रदेश भारतीय संघराज्यात विधिवत सामील झाला. त्या वर्षीच्या जनगणनेत येथील लोकसंख्या सुमारे ५८ हजार होती. २०११ च्या जनगणनेत ती ३ लाख ४३ हजारांच्या पुढे गेली. पन्नास वर्षांत जवळपास सहापट वाढ झाली. ही वाढ मुख्यतः करसवलतींमुळे आलेल्या कारखान्यांनी घडविली. ४९१ चौरस किलोमीटरच्या या लहानशा प्रदेशात एका बाजूला डोंगरातील आदिवासी आणि दुसऱ्या बाजूला देशाच्या कानाकोपऱ्यांतून आलेला कामगार अशा दोन अगदी भिन्न समाजांची शुश्रूषा एकाच नागरी रुग्णालयाकडे आली. त्या रुग्णालयाला विनोबा भावे यांचे नाव आहे.

विनोबांचे नाव रुग्णालयाला असावे, यात एक अर्थ दडलेला आहे असे मला नेहमी वाटते. कुलाबा जिल्ह्यातील गागोद्यात १८९५ साली जन्मलेला हा माणूस १९५१ पासून पुढे तेरा-चौदा वर्षे देशभर पायी हिंडला. लोकांनी आपल्याकडे यावे अशी अपेक्षा न ठेवता तो स्वतः गावोगाव गेला. रुग्णालयाचा स्वभाव याच्या नेमका उलट असतो. ते एका जागी उभे असते आणि रुग्णाने तेथवर पोहोचावे अशी त्याची अपेक्षा असते. नव्या तंत्रज्ञानाने रुग्णालयाच्या या स्वभावात बदल होतो का, हाच खरा ऐतिहासिक प्रश्न आहे.

हा बदल एकाएकी आलेला नाही. रुग्णालयाच्या भिंती यंत्रांनी टप्प्याटप्प्याने बदलल्या. १८९५ साली राँटगेन यांनी क्ष-किरण शोधले, तेव्हा रुग्णालयांना अंधारी खोली बांधावी लागली आणि किरणांचा धोका कळल्यावर त्या खोलीच्या भिंतींना शिशाचा पत्रा लावावा लागला. १९७१ साली लंडनमध्ये पहिल्या रुग्णाचे सीटी स्कॅन झाले. त्या यंत्राबरोबर संगणक व वातानुकूलन रुग्णालयात आले. एमआरआय यंत्रासाठी बाहेरच्या रेडिओ लहरी अडविणारी तांब्याची वेष्टित खोली आणि प्रचंड वजन पेलणारी जमीन लागली. प्रत्येक वेळी यंत्र पुढे आले आणि वास्तू त्याच्यामागून बदलली. १९९३ साली प्रतिमांच्या देवाणघेवाणीसाठी डायकॉम ही सर्वमान्य पद्धती रूढ झाली. त्यामुळे एका कंपनीच्या यंत्रावर काढलेले चित्र दुसऱ्या कंपनीच्या पडद्यावर उघडू लागले आणि फिल्म हातात घेऊन या मजल्यावरून त्या मजल्यावर धावण्याची गरज उरली नाही. त्या दिवसापासून रुग्णालयाची एक अदृश्य इमारतही उभी राहू लागली, ती माहितीची.

दूरस्थ उपचाराची कल्पना तर त्याहून जुनी आहे. हॉलंडमधील लायडन येथील विलेम आइन्थोव्हेन यांनी हृदयाच्या विद्युतस्पंदनांचा आलेख काढणारे यंत्र तयार केले. ते इतके अवजड होते की रुग्णालयात नेणे शक्य नव्हते. म्हणून १९०५ साली त्यांनी टेलिफोनच्या तारेतून सुमारे दीड किलोमीटर दूर असलेल्या रुग्णालयातील रुग्णाची स्पंदने आपल्या प्रयोगशाळेत आणली. यंत्र रुग्णाकडे जाऊ शकत नाही म्हणून रुग्णाची खबर यंत्राकडे आली. आपल्याकडे इस्रोने २००१ च्या सुमारास उपग्रहाद्वारे दूरस्थ वैद्यकसेवेचे प्रयोग सुरू केले. केंद्र शासनाची ई-संजीवनी ही सेवा नोव्हेंबर २०१९ मध्ये आली आणि करोनाच्या टाळेबंदीत, एप्रिल २०२० पासून, घरबसल्या सल्ला घेण्याचीही सोय तिच्यात झाली. आइन्थोव्हेन यांच्या तारेत आणि ई-संजीवनीच्या पडद्यात तत्त्वतः काही फरक नाही. दोहोंतही रुग्णालयाने आपल्या कुंपणाबाहेर हात लांब केला आहे.

आता 'स्मार्ट' इमारत नेमके काय करते ते पाहू. शस्त्रक्रियागृहात हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा किंचित अधिक ठेवतात, म्हणजे दार उघडले तरी बाहेरची दूषित हवा आत शिरत नाही. क्षय किंवा करोना यांसारख्या हवेतून पसरणाऱ्या आजाराच्या विलगीकरण खोलीत याच्या उलट, दाब कमी ठेवतात व तासाला किमान बारा वेळा हवा बदलतात. पूर्वी हे दाब कोणी तरी वेळोवेळी पाहून वहीत लिहायचे, बहुधा लिहायचेही नाही. आता दाब घसरला तर पडद्यावर लाल दिवा लागतो आणि पंख्याचा वेगही आपोआप वाढतो. लसीचे तापमान दोन ते आठ अंश सेल्सिअस ठेवावे लागते. २०१५ पासून देशात आलेल्या ई-विन या व्यवस्थेत शीतपेटीतले तापमान मोजणारे छोटे यंत्र बिघाडाचा निरोप थेट भ्रमणध्वनीवर पाठविते. छातीच्या क्ष-किरण चित्रात क्षयाची लक्षणे संगणकाने शोधण्याच्या पद्धतीला जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली मान्यता दिली. क्ष-किरणतज्ज्ञ नसलेल्या ठिकाणी, हातात धरता येणाऱ्या यंत्राने, पाड्यावरच प्राथमिक चाळणी होऊ शकते असा त्याचा अर्थ. औद्योगिक वसाहतीत दाटीवाटीने राहणाऱ्या कामगारांचा आपला प्रदेश लक्षात घेता याचे महत्त्व निराळे सांगायला नको.

परंतु या सर्वाचे खरे मोल आपल्याला शिकविले ते करोनाच्या काळातील तीन दुर्घटनांनी, आणि त्या तिन्ही महाराष्ट्रात घडल्या. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडारा जिल्हा रुग्णालयातील नवजात शिशू कक्षाला आग लागली आणि दहा अर्भके दगावली. आगीची पहिली वर्दी कोणत्या यंत्राने दिली नाही, कामावरील परिचारिकेला धूर दिसला तेव्हा ती कळली. २१ एप्रिल २०२१ रोजी नाशिकच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात प्राणवायूच्या टाकीला गळती लागली, नळीतला दाब उतरला आणि बावीस रुग्णांचा प्राण गेला. दोनच दिवसांनी विरारमधील एका खासगी रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात आग लागून तेरा जणांचा मृत्यू झाला. द्रवरूप प्राणवायू वायुरूप होताना त्याचे आकारमान आठशे पटींहून अधिक वाढते. एवढी शक्ती एका टाकीत कोंडलेली असते आणि तिच्या नळीच्या दुसऱ्या टोकाला माणसाचा श्वास असतो. त्या नळीवरील दाबमापक आणि धूर ओळखणारे छोटेसे उपकरण यांची किंमत रुग्णालयाच्या एकूण खर्चात नगण्य असते. विरार आपल्यापासून सव्वाशे किलोमीटरांच्या आतले. करोनात प्राणवायूसाठी वणवण केलेली कुटुंबे आपल्यातही आहेत. भिंतींना कान हवेत ते यासाठी.

याच्या दुसऱ्या बाजूचाही विचार केला पाहिजे. राज्य शासनाच्या सेवेत असताना खरेदी व तपासणीच्या कामानिमित्त अनेक शासकीय रुग्णालयांच्या नोंदवह्या पाहण्याचा योग मला आला. जडवस्तू नोंदवहीत यंत्र 'प्राप्त' म्हणून चढलेले असे, देयक अदा झालेले असे, आणि प्रत्यक्षात ते लाकडी खोक्यात व्हरांड्यात पडलेले असे. कारण विचारल्यास खोलीत थ्री फेज जोडणी नाही, किंवा चालविणारा तंत्रज्ञ मंजूर आहे पण नेमलेला नाही, असे उत्तर येई. पुढे हमीचा काळ खोक्यातच संपे. मग दुरुस्तीचा प्रस्ताव, त्यावर त्रुटी, त्रुटीची पूर्तता आणि अखेर निर्लेखन, असा त्या यंत्राचा जीवनक्रम कागदावरच पूर्ण होई. हा अनुभव एकट्यादुकट्याचा नव्हता. राष्ट्रीय आरोग्य अभियानाच्या वतीने देशभर उपकरणांची मोजदाद झाली, तेव्हा निरनिराळ्या राज्यांत १३ ते ३४ टक्के उपकरणे नादुरुस्त आढळली. त्यातूनच देखभालीचा स्वतंत्र कार्यक्रम आखावा लागला.

याचे कारण शासकीय हिशेबाच्या पद्धतीत आहे. यंत्र विकत घेणे हा भांडवली खर्च असतो. तो एकदाच होतो, त्याचे उद्घाटन होते. देखभाल हा आवर्ती खर्च असतो, तो दरवर्षी मागावा लागतो आणि काटकसरीचा आदेश निघाला की पहिली कात्री त्यालाच लागते. जुन्या दगडी इमारतीला हे सोसत होते. खिडकीचे बिजागर गंजले तरी खिडकी उघडत होती. संवेदकांच्या इमारतीला ते सोसणार नाही. न चालणारा संवेदक हा संवेदक नसण्यापेक्षा अधिक घातक असतो, कारण यंत्र पाहत आहे या भरवशावर माणूस पाहण्याचे सोडून देतो. त्यातून आपल्याकडे वर्षाकाठी दोन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस. चार महिने हवेतला दमटपणा आणि विजांचा कडकडाट ज्या मुलखात असतो, तेथे नाजूक विद्युत उपकरणांचे आयुष्य माहितीपत्रकात छापल्याइतके असेल असे गृहीत धरता येत नाही. म्हणून नव्या इमारतीच्या खर्चाच्या आकड्याबरोबर तिच्या वार्षिक देखभाल कराराचा आकडाही नागरिकांनी विचारला पाहिजे.

माहितीच्या अदृश्य इमारतीलाही आग लागू शकते. २३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेच्या संगणकांवर हल्ला झाला. नोंदणी, तपासण्यांचे अहवाल, भेटीच्या वेळा सारे ठप्प झाले आणि देशातील अग्रगण्य रुग्णालयाला सुमारे दोन आठवडे कागद-पेनाने काम करावे लागले. तेथे निदान कागदावर काम करण्याची सवय असलेली माणसे अजून होती. त्याच वर्षी महाराष्ट्रातील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत अनेक वर्षे चाललेली संगणकीय नोंदणीची व्यवस्था बंद पडली आणि तेथेही केसपेपर पुन्हा हाताने लिहिण्याची वेळ आली. तेथे कोणी हल्ला केलेला नव्हता. ज्याच्याशी करार असतो त्याच्या हाती रुग्णालयाची स्मरणशक्ती असते, ही गोष्ट त्या निमित्ताने सर्वांच्या ध्यानी आली. करार करतानाच 'तुम्ही गेलात तर आमची नोंद आमच्या हाती कोणत्या स्वरूपात देणार' हे लिहून घेणे, हा यावरचा साधा कारकुनी उपाय आहे.

सिल्वासाकडे पुन्हा वळू. १९ जानेवारी २०१९ रोजी येथील वैद्यकीय महाविद्यालयाची पायाभरणी पंतप्रधानांच्या हस्ते झाली आणि त्याच वर्षी अध्यापनही सुरू झाले. २५ एप्रिल २०२३ रोजी नमो वैद्यकीय शिक्षण व संशोधन संस्थेच्या नव्या संकुलाचे उद्घाटन झाले. ७ मार्च २०२५ रोजी ४५० खाटांच्या नमो रुग्णालयाचा पहिला टप्पा सुरू झाला, त्याचा खर्च ४६० कोटी रुपयांहून अधिक आहे. १९६१ साली ५८ हजार लोकवस्तीचा जो डोंगराळ प्रदेश होता, तेथे आज डॉक्टर घडविणारी संस्था आहे, ही आपल्या पिढीने डोळ्यांनी पाहिलेली मोठीच स्थित्यंतराची गोष्ट म्हटली पाहिजे. पूर्वी गंभीर रुग्णाला वलसाड, सुरत किंवा मुंबईची वाट धरावी लागे. आता वाहतूक उलट दिशेनेही होते. तलासरी, जव्हार, मोखाडा या पालघर जिल्ह्यातील तालुक्यांतून रुग्ण, विशेषतः अडलेल्या बाळंतिणी, सीमा ओलांडून सिल्वासास आणल्या जातात.

हीच गोष्ट नव्या तंत्रज्ञानाची खरी परीक्षा पाहणारी आहे. मोखाड्याच्या एखाद्या बाईचे गरोदरपणातील रक्ताचे अहवाल महाराष्ट्राच्या उपकेंद्रात असतात, तिचे बाळंतपण केंद्रशासित प्रदेशात होते आणि तिचे माहेर कदाचित गुजरातच्या कपराडा तालुक्यात असते. आजार तीन प्रशासनांच्या हद्दी मानीत नाही, पण केसपेपर मानतो. सप्टेंबर २०२१ मध्ये सुरू झालेल्या आयुष्मान भारत डिजिटल अभियानातील चौदा अंकी आभा क्रमांकाचा हेतू हाच, की रुग्णाची नोंद रुग्णाबरोबर फिरावी. १९५४ पर्यंत जेथे सीमेवर पोर्तुगीज नाका होता, तेथे आज नोंदींनी तरी बिनअडथळा ये-जा करावी ही अपेक्षा अवाजवी नाही. मात्र क्रमांक काढणे आणि त्या क्रमांकामागे खरोखर नोंदी भरणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीचा अहवाल वर पाठविता येतो म्हणून ती लवकर होते.

सिकलसेलचे उदाहरण घेतले म्हणजे हा मुद्दा अधिक स्पष्ट होईल. रक्तपेशी विळ्याच्या आकाराच्या होणारा हा आनुवंशिक आजार पश्चिम भारतातील आदिवासी समाजांत मोठ्या प्रमाणावर आहे. भारतात तो प्रथम १९५२ साली निलगिरीच्या आदिवासींत आढळला. १ जुलै २०२३ रोजी त्याच्या निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू झाले. सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन हे त्याचे उद्दिष्ट. या आजारात वेदनेचे तीव्र झटके येतात. रात्री-अपरात्री रुग्ण आला आणि त्याला सिकलसेल आहे हे ड्यूटीवरील डॉक्टरला ठाऊक नसेल, तर अमोल वेळ वाया जातो. नोंद पडद्यावर असेल तर तो वाचतो. पण याच नोंदीची दुसरी धारही आहे. एखादी मुलगी या आजाराची केवळ वाहक आहे, तिला स्वतःला काही त्रास नाही, आणि ही माहिती गावात फुटली, तर तिचे लग्न मोडू शकते. पाड्यातल्या बाईला संमतीपत्रावर अंगठा उमटवायला सांगताना ही गोष्ट तिला तिच्या बोलीत, वारलीत किंवा कोकणात, कोणी समजावून सांगते का? वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा संसदेने २०२३ साली केला. तो तिच्यापर्यंत पोहोचवायचा तर मध्ये माणूस लागतो.

येथे आपल्यासारख्या जुन्या मराठी कुटुंबांचा संबंध येतो. आपण या प्रदेशात दोन-तीन पिढ्यांपासून आहोत. आपल्याला शासनाची भाषा कळते, गुजराती व हिंदी येते, आणि आपल्यातील अनेकांना शाळा, पतपेढी, वनखाते, महसूल यांतील नोकऱ्यांमुळे आदिवासी बोलीही समजते. नोंदणीच्या खिडकीवर क्रमांक, क्यूआर संकेत आणि ओटीपी यांच्या गोंधळात खानवेल-दुधनीकडून आलेली म्हातारी भांबावून उभी असते. खिशात भ्रमणध्वनी नसतो, असला तर तो मुलाच्या नावावर आणि मुलगा कारखान्यात पाळीवर. अशा वेळी अर्धा दिवस तिच्या शेजारी उभे राहणारा निवृत्त शिक्षक किंवा गृहिणी हे कोणत्याही यंत्राइतकेच आवश्यक साधन ठरते. नाइटिंगेल यांच्या कक्षात एका टोकाला बसलेल्या परिचारिकेची जागा आता पडद्याने घेतली असली, तरी पडद्यावरचा लाल दिवा पाहून उठून जाणारे कोणी तरी लागतेच.

आणखी एक विषय इतिहासप्रेमी वाचकांपुढे मांडून लेख संपवितो. १८९६ च्या मुंबईतील प्लेगविषयी आज आपल्याला जे कळते, त्याचा मोठा भाग त्या काळच्या रुग्णालयांनी व नगरपालिकेने जपलेल्या नोंदींतून कळते. संगणकीय व्यवस्था येते तेव्हा जुन्या नोंदवह्या अडगळ ठरतात. जतनाचा विहित काळ संपला की त्या रद्दीत काढण्याचा नियमच असतो आणि नव्या इमारतीत स्थलांतर होताना तो नियम उत्साहाने पाळला जातो. मुक्तीनंतरच्या पहिल्या दशकांतील बाह्यरुग्ण नोंदवह्या, मलेरियाच्या फवारणीच्या याद्या, सुईणींच्या प्रशिक्षणाचे हजेरीपट, जन्ममृत्यूच्या वह्या हा या प्रदेशाच्या सामाजिक इतिहासाचा पाया आहे. आदिवासी कुटुंबांचा लेखी इतिहास तर बहुधा एवढाच. नव्या व्यवस्थेत त्यांची छायाचित्रे घेऊन ठेवणे मुळीच अवघड नाही, फक्त कोणी तरी वेळेत सांगावे लागते.

म्हणून मंडळाने या कामी पुढाकार घ्यावा अशी माझी सूचना आहे. जुन्या नोंदवह्या अभिलेख म्हणून जतन व्हाव्यात यासाठी प्रशासनाकडे रीतसर निवेदन द्यावे. त्याचबरोबर आपल्या घरांतील ट्रंकांत असलेले जुने केसपेपर, लसीकरणाची कार्डे, दवाखान्यातील कर्मचाऱ्यांची छायाचित्रे यांची सूची करावी आणि येथे परिचारिका, औषधनिर्माते, मलेरिया कर्मचारी म्हणून सेवा केलेल्या वयोवृद्धांच्या आठवणी ध्वनिमुद्रित करून ठेवाव्यात. ही माणसे आता ऐंशीच्या घरात आहेत. सूचीचे काम येत्या पावसाळ्यापूर्वी सुरू झाले तर बरे, कारण आपल्या हवेत कागदाला वाळवी लागायला एक चातुर्मास पुरतो.